गुरुवारचा आकडा आणि उठून गेलेला प्रेक्षक

मराठी मालिकांच्या दुनियेत गुरुवार हा निकालाचा वार. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून ‘बार्क’ ही संस्था कुठली मालिका किती लोकांनी पाहिली याची जी मोजणी करते, तिचा आकडा, म्हणजे टीआरपी, पुढच्या गुरुवारी वाहिन्यांच्या हाती पडतो. गोरेगावची चित्रनगरी, मढ, मीरा रोड, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, जिथे म्हणून सेट लागलेले असतात तिथे दुपारपर्यंत बातमी पोचलेली असते. आपली मालिका खाली गेली असेल तर लेखकाला फोन येतो. लग्न दोन आठवडे अलीकडे आणायचं, कुणाची तरी नवी एंट्री करायची, नाहीतर सरळ पाच-सात वर्षांचा लीप घ्यायचा, म्हणजे गोष्ट तेवढी पुढे उडवायची. एवढं करूनही आकडा हलला नाही, तर साडेआठची मालिका संध्याकाळी साडेपाचला किंवा रात्री अकराला जाते आणि तिथून काही दिवसांत गाशा गुंडाळते. कलाकारांचं नाव तरी होतं. स्पॉटदादा, लाइटवाले, मेकअप, कपडेपट, एडिटर अशा कितीतरी माणसांचा पुढच्या महिन्याचा घरखर्च त्या आकड्यावर टांगलेला असतो.

प्रेक्षकांनाही आता हा आकडा पाठ असतो. कुठली मालिका पहिली, कुठली पाचवी, कोणी कोणाला मागे टाकलं, याचे तक्ते दर आठवड्याला फोनवर फिरतात आणि त्यावरून चाहत्यांची हमरीतुमरी होते. या गोंगाटात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. पहिल्या क्रमांकावर कोण आहे हे कळलं, पण टीव्हीसमोरून उठून गेलेला प्रेक्षक कुठे आहे आणि तो का गेला?

माझं म्हणणं असं: टीआरपी हा जाहिरातीचा दर ठरवण्यासाठी बनवलेला आकडा आहे आणि त्या कामापुरता तो ठीक आहे. आपण मात्र त्यालाच मराठी माणसाची आवड समजून बसलो आहोत. उरलेल्या प्रेक्षकांत कोणाचा वाटा किती, एवढंच या क्रमवारीतून कळतं. वाटा वाढवण्याच्या शर्यतीत आपण प्रेक्षक घालवतो आहोत, हे ती सांगत नाही. ज्या माध्यमाने गेली पन्नास वर्षं मराठी घरांना एका वेळी एक गोष्ट ऐकायला बसवलं, त्याचं भवितव्य एवढ्या अपुऱ्या आकड्यावर सोडणं मला घातक वाटतं.

आधी क्रमवारी कशी बदलत गेली ते पाहू. अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झाली. तीच पुढे झी मराठी. २००० मध्ये ई-टीव्ही मराठी आली, २०१५ मध्ये तिचं नाव कलर्स मराठी झालं. स्टार प्रवाह नोव्हेंबर २००८ मधली, सोनी मराठी २०१८ मधली, सन मराठी २०२१ मधली. या सगळ्यात मधला मोठा काळ झी मराठीचा होता. ‘होणार सून मी ह्या घरची’, ‘तुझ्यात जीव रंगला’, ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकांच्या दिवसांत दुसऱ्या क्रमांकासाठीच काय ती स्पर्धा असायची. २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबलं, जुलैमध्ये पुन्हा सुरू झालं, आणि त्यानंतर बघता बघता स्टार प्रवाहने पहिला क्रमांक घेतला. ‘रंग माझा वेगळा’, ‘आई कुठे काय करते’ आणि डिसेंबर २०२२ पासून ‘ठरलं तर मग’ यांनी तो टिकवून धरला.

एका वाहिनीचं साम्राज्य जाऊन दुसरीचं येतं तेव्हा सगळे म्हणतात, प्रेक्षकांची आवड बदलली. खरंच बदलली का? ‘आई कुठे काय करते’ने चाळिशी ओलांडलेल्या, घरात गृहीत धरल्या गेलेल्या बाईला नायिका करणं ही गोष्ट मराठी घरात लागू पडणारच होती आणि पडली. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ती कल्पना आली होती ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून, आणि त्याच गोष्टीवर हिंदीत ‘अनुपमा’ झाली. ‘रंग माझा वेगळा’चं मूळ मल्याळम, ‘ठरलं तर मग’चं मूळ तमिळ. आता झी मराठीही इतर भाषांतल्या मालिकांची मराठी रूपं आणते. दुसऱ्या भाषेतली गोष्ट घेण्यात वाईट काहीच नाही, मराठी रंगभूमीने ते आयुष्यभर केलं. इथलं कारण मात्र वेगळं आहे. एका राज्यात टीआरपी मिळवून दाखवलेली गोष्ट दुसऱ्या राज्यात उतरवली की गुरुवारची भीती थोडी कमी होते. म्हणजे ज्याला आपण मराठी प्रेक्षकाचा कौल म्हणतो, त्यातला मोठा भाग आधी कोलकात्यात किंवा चेन्नईत लागलेला कौल असतो. मराठी लेखकाने स्वतःच्या गावातली, स्वतःच्या चाळीतली गोष्ट घेऊन जावं आणि वाहिनीने तिला सहा महिने तग धरू द्यावा, ही शक्यता दर वर्षी आक्रसत चालली आहे.

आता हा आकडा येतो कुठून? बार्कने एप्रिल २०१५ पासून मोजणी सुरू केली. त्याआधी ‘टॅम’ या संस्थेचे आकडे चालायचे, आणि त्याच्याही आधी दूरदर्शन लोकांकडून डायऱ्या भरून घ्यायचं. बार्कच्या यंत्राचं नाव बार-ओ-मीटर. वाहिनीच्या आवाजात, कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती ओळखतो आणि या घरात या मिनिटाला कुठली वाहिनी चालू होती याची नोंद करतो. पण घरात टीव्ही चालू असणं आणि कोणी तो पाहत असणं यात फरक आहे. त्यासाठी पॅनेलवरच्या, म्हणजे मीटर बसवलेल्या, घराला वेगळा रिमोट मिळतो आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाचं एकेक बटण असतं. टीव्हीसमोर बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. संध्याकाळी सात ते साडेदहा या वेळेत मराठी घर कसं चालतं ते डोळ्यांपुढे आणा. सासूबाई मालिका लावून बसल्या, शिट्ट्या मोजायला स्वयंपाकघरात गेल्या, मध्येच दारावर इस्त्रीवाला आला, सून ऑफिसातून येऊन तिथेच भाजी निवडायला बसली, नातू फोनमध्ये डोकं घालून सोफ्याच्या टोकाला. यातल्या कोणाचं बटण केव्हा दाबलं गेलं आणि केव्हा राहून गेलं, त्यावर अख्ख्या राज्याची आवड ठरते.

नमुना घेऊन मोजण्याला माझा विरोध नाही. नीट निवडलेल्या थोड्या घरांवरून मोठ्या समाजाचा अंदाज बांधता येतो, ते शास्त्र पक्कं आहे. बार्कच्याच २०२० च्या अंदाजानुसार देशात २१ कोटी घरांत टीव्ही होता आणि मीटर होते ४४ हजार घरांत. म्हणजे एक घर सुमारे पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलत होतं. आता मीटर ५५ हजारांच्या पुढे गेले आहेत. देशपातळीवर एवढा नमुना पुष्कळ झाला. अडचण येते ती खाली उतरताना. देशाचं राज्य केलं, राज्याचा एक शहरगट केला, त्यातून एक वयोगट काढला, की हातात उरलेली माणसं फार थोडी असतात. ढोबळ हिशोब करून पाहा. समजा अशा एका गटात हजार माणसं आहेत आणि एका मालिकेला त्यात १ टक्का मिळाला. म्हणजे दहा माणसं. संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने तिचा खरा आकडा ०.४ पासून १.६ पर्यंत कुठेही असू शकतो. ५.१ आणि ४.९ या दोन मालिकांत तर पहिली कोण हे या नमुन्यावरून सांगताच येत नाही. तरी तक्त्यात एक पहिली छापली जाते, दुसरी दुसरी छापली जाते, आणि दुसरीच्या लेखकाला फोन जातो.

शिवाय हा नमुना ‘महाराष्ट्र आणि गोवा’ असा एकच बाजार धरतो. त्यात मुंबईचा हिंदी-मराठी मिसळलेला प्रेक्षक आहे, गडचिरोलीचा आहे, सिंधुदुर्गाचा आहे आणि पणजीचा कोकणी बोलणाराही. उलट बेळगाव-निपाणीतला, इंदूर-बडोद्यातला मराठी प्रेक्षक त्या त्या राज्याच्या खात्यात जातो. मराठी वाहिनीसाठी त्याचं वजन जवळपास शून्य. मराठी मालिकांतली घरं पुण्या-मुंबईच्या वाड्यांत नाहीतर बंगल्यांत, आणि गाव दाखवलं तर साताऱ्या-कोल्हापूरकडचं. वऱ्हाडी किंवा मराठवाडी बोलणारं पात्र बहुधा विनोदापुरतं. याचं एक मूळ लेखकांच्या सवयीत आहे हे खरं. दुसरं मूळ त्या त्या भागात किती मीटर आहेत या प्रश्नात असू शकतं, आणि त्याचं उत्तर सामान्य वाचकाला सहज मिळत नाही.

मोजपट्टी बदलली की ‘आवड’ कशी एका रात्रीत बदलते याची दोन उदाहरणं हिंदीत घडून गेली आहेत. ऑक्टोबर २०१५ मध्ये बार्कने ग्रामीण भागाचे आकडे धरायला सुरुवात केली. आदल्या आठवड्यापर्यंत जी गावं या हिशोबात नव्हतीच, ती आल्याबरोबर झी अनमोल, स्टार उत्सव अशा फुकट दिसणाऱ्या, जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्या वाहिन्या वर चढल्या. गावातला माणूस त्या आधीपासूनच पाहत होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. दुसरं उदाहरण २०१९ चं. मोठ्या कंपन्यांनी दूरदर्शनच्या फ्री डिशवरून, म्हणजे महिन्याचे पैसे न भरता चालणाऱ्या डिश सेवेवरून, आपल्या फुकट वाहिन्या काढून घेतल्या. मागे राहिली ‘दंगल’, आणि तीच देशातली सर्वांत जास्त पाहिली जाणारी वाहिनी ठरली. पुढच्या वर्षी मोठ्या कंपन्या फ्री डिशवर परतल्या. दरम्यान प्रेक्षकाच्या मनात काहीच उलथापालथ झालेली नव्हती. त्याच्या ताटलीवर काय दिसतं, एवढंच बदललं होतं. मराठीतही फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा यांसारख्या वाहिन्यांना जो प्रेक्षक मिळाला, त्यात फ्री डिशचा वाटा मोठा आहे. टीआरपीत आवड असते, तशीच किंमतही असते. कुठली वाहिनी कितव्या नंबरवर लागते आणि सेट-टॉप बॉक्स चालू केल्याबरोबर पडद्यावर आपोआप काय येतं, हेही असतं. ती आपोआप दिसणारी जागा वाहिन्या पैसे मोजून विकत घेतात, आणि त्यावरून ट्राय या नियामक संस्थेपासून दूरसंचार न्यायाधिकरणापर्यंत भांडणं झाली आहेत.

किंमतीचं थोडं अधिक. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत आली. १३० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढ्यात शंभर वाहिन्यांची जागा, पैशाच्या वाहिन्यांचे दर त्यावर वेगळे. ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य मिळेल असं सांगितलं गेलं. कागदावर ते मिळालंही. घराघरात मात्र लोकांनी यादी पाहिली, वैतागले आणि केबलवाल्याने सुचवलेला पॅक घेऊन मोकळे झाले. पुष्कळांचं बिल वाढलं. त्याच सुमारास फोनवरचा डेटा इतका स्वस्त झाला होता की महिन्याच्या केबलच्या पैशात घरातल्या दोन फोनांचं काम भागत होतं.

त्यानंतर जे झालं ते सांगणारा आकडा गुरुवारच्या कुठल्याही तक्त्यात नाही. केबलचालकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२५ मध्ये काढलेल्या अहवालानुसार, पैसे भरून टीव्ही पाहणारी घरं २०१८ मध्ये १५ कोटी १० लाख होती, ती २०२४ मध्ये ११ कोटी १० लाखांवर आली. सहा वर्षांत चार कोटी घरं गेली. ट्रायचे आकडेही तेच सांगतात. पैसे भरणारे डीटीएच ग्राहक मार्च २०२४ मध्ये ६ कोटी २० लाखांच्या आसपास होते, वर्षभरात ते ५ कोटी ७० लाखांच्या आसपास उतरले. यातली काही घरं फ्री डिशकडे वळली, काही स्मार्ट टीव्ही आणि इंटरनेटकडे, काही नुसत्या फोनकडे. एवढी घरं गळत असताना आपण पहिलं कोण आणि दुसरं कोण याचे फटाके फोडत होतो.

सांगलीत आमच्या भागातल्या केबलवाल्याच्या गाळ्यात बसलं की हे डोळ्यांनी दिसतं. परत आलेले सेट-टॉप बॉक्स त्याने पोत्यांत भरून ठेवले आहेत. प्रत्येकाला त्याचीच वायर गुंडाळलेली, रिमोट रबरबँडने वर बांधलेला, त्यावर जुन्या ग्राहकाचं नाव लिहिलेली चिकटपट्टी. त्याचा धंदा आता इंटरनेटच्या जोडण्यांवर चालतो. टीव्ही कोण पाहतं, असं विचारलं तर तो एका वाक्यात सांगतो, “ज्या घरात म्हातारी आहे तिथं केबल आहे.” आजी गेल्या, किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलाकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या, की महिन्याभरात बॉक्स परत येतो. घरात मागे राहिलेल्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही का पाहत नाही. त्यांचं उत्तर मिळालं असतं तर मराठी वाहिन्यांना फार उपयोगी पडलं असतं.

मी अनेकांना विचारत असतो. उत्तरं साधारण एकसारखी येतात. गोष्ट पुढे सरकत नाही. बायका एकमेकींच्या जेवणात काहीतरी कालवत असतात. कोणी कामावर जाताना दिसत नाही, घरात कोणी पेपर वाचत नाही, कोणाला एसटी पकडायची नसते, कोणाचा पगार थकत नाही. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. सुरुवातीला ती पाहणारी, नंतर सोडून दिलेली कितीतरी माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांचं म्हणणं एकच, गोष्ट होती दोन वर्षांची, ओढली पाच. ती ओढली गेली कारण आकडा येत होता. उरलेले पाहत होते तोवर ती थांबवायचं कारण नव्हतं, आणि गेलेल्यांचा हिशोब मांडायला कोणी बसलं नव्हतं. मग उरलेल्यांना जे चालतं तेच आणखी करायचं, त्याने आणखी थोडे उठतात, आणि राहिलेल्यांसाठी पुन्हा तेच. या चक्रात प्रत्येक गुरुवारी कोणी ना कोणी पहिलं येतच राहतं.

वाहिन्यांची बाजू मला माहीत आहे. लोकांना जे आवडतं तेच आम्ही दाखवतो, असं ते म्हणतात. आम्ही चांगलं काही केलं की तुम्ही कौतुक करता आणि पाहत नाही, असंही म्हणतात. या दुसऱ्या तक्रारीत तथ्य आहे. वेगळी मालिका आली की ती इंटरनेटवर सवडीने पाहू असं म्हणणारे, आणि मग ती बंद झाल्यावर हळहळणारे आपणच. पण सवडीने पाहणं हेही पाहणंच आहे. तीच मालिका, तोच भाग, कोणी रात्री जेवणानंतर फोनवर पाहिला किंवा दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये पाहिला, तर तो त्या तक्त्यात धरला जात नाही. आज तरुण मराठी प्रेक्षक जिथे आहे तिथेच आपली पट्टी पोचत नाही, आणि तो नाही असं समजून आपण कार्यक्रम बनवतो. ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीत बसणाऱ्यांपुरतीच मतपेटी ठेवायची आणि निकाल सगळ्यांच्या नावाने लावायचा, हे न्यायाचं नाही.

टीआरपीच रद्द करा, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. मोजणीच नसेल तर एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीवर सगळं चालेल आणि मोठ्या कंपनीच्या शब्दाला आणखी वजन येईल. शिवाय एक प्रयोग होऊन गेला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला. पॅनेलवरच्या घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितलं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. अटका झाल्या, राजकारण झालं, आणि २०२४ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने सरकारने तो खटलाच मागे घेतला. खरं-खोटं निकालापर्यंत पोचलंच नाही. त्या प्रकरणानंतर बातम्यांच्या वाहिन्यांचे आठवड्याचे आकडे बंद ठेवले गेले, ते थेट मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. जवळपास सतरा महिने टीआरपी नव्हता. त्या काळात आरडाओरडा कमी झाला का? मला तरी तसं दिसलं नाही. ज्यांची सवय आकड्यावर घडली होती, त्यांची ती आकडा गेल्यावर सुटली नाही. म्हणजे नुसता आकडा झाकून भागत नाही.

पण आकडे पुन्हा सुरू करताना एक शहाणपणाची गोष्ट केली गेली. बातम्यांच्या वाहिन्यांसाठी एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांची फिरती सरासरी द्यायचं ठरलं. एखाद्या दिवसाच्या सनसनाटीने आकडा उसळू नये, हा विचार. हीच पद्धत मनोरंजनाच्या वाहिन्यांना का नको? चार आठवडे सोडा, नव्या मालिकेचा पहिला हिशोब तीन महिन्यांनी व्हावा. मालिकेतली माणसं प्रेक्षकाच्या ओळखीची व्हायलाच तेवढा वेळ लागतो. पहिल्या पंधरवड्यात घाबरून गोष्टीची दिशा बदलली की लेखकाच्या डोक्यातली मूळ मालिका तिथेच मरते. पुढे जी चालते ती आकड्याच्या मागे फरफटणारी दुसरीच काहीतरी.

दुसरी गोष्ट मालकीची. बार्कमध्ये ६० टक्के हिस्सा वाहिन्यांच्या संघटनेचा, २० टक्के जाहिरातदारांचा आणि २० टक्के जाहिरात संस्थांचा. ज्यांना मोजायचं त्यांच्याच हातात मोजणाऱ्या संस्थेचा मोठा वाटा. ही रचना उद्योगाने उद्योगासाठी केली आणि सरकारने ती मान्य केली. यात प्रेक्षक कुठेच नाही. पॅनेलवरची घरं गुप्त ठेवावीच लागतात. २००१ मध्ये मुंबईतल्या मीटर बसवलेल्या घरांची यादी फुटली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पण घरं गुप्त ठेवणं वेगळं आणि पद्धत गुप्त राहणं वेगळं. विदर्भात किती मीटर, कोकणात किती, ग्रामीण किती, प्रत्येक आकड्याच्या शेजारी चुकीची शक्यता किती, हे जाहीर केल्याने कोणत्याही घराचा पत्ता कळत नाही. निवडणुकीच्या मतचाचण्यांना आपण नमुना किती आणि चूक किती हे विचारतो. रोज संध्याकाळी कोट्यवधी घरांत काय दिसणार हे ठरवणाऱ्या मोजणीला तेवढंही विचारत नाही.

आणि सह्याद्री, दूरदर्शनची मराठी वाहिनी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ‘आमची माती, आमची माणसं’, ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हे कार्यक्रम कोणत्याही गुरुवारला घाबरून बनले नव्हते. त्या वेळी दुसरी वाहिनी नव्हती, म्हणून सगळे तेच पाहत, हे खरं आहे आणि त्या काळाचं अवाजवी कौतुक मला करायचं नाही. कंटाळवाणंही खूप असायचं. पण शेतकऱ्यासाठी वेगळा, मुलांसाठी वेगळा, लेखक-चित्रकारांसाठी वेगळा कार्यक्रम असला पाहिजे, असं कोणीतरी ठरवलं होतं. आज मोठ्या खासगी मनोरंजन वाहिन्यांच्या संध्याकाळी लहान मुलांसाठी म्हणून काही शोधायला बसलात तर हाती काय लागतं? मराठी मुलं हिंदीत डब केलेली कार्टून पाहत मोठी होतात आणि आपण त्यांच्या मराठीवर परिसंवाद घेतो. ही उणीव भरणं हे सह्याद्रीचं काम आहे. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या वाहिनीला खासगी वाहिन्यांच्या फुटपट्टीने मोजून तळाला ढकलायचं, आणि तळाला आहे म्हणून पैसे आणखी कमी करायचे, हे थांबलं पाहिजे. सह्याद्रीला विचारायचे प्रश्न वेगळे. शेतीच्या कार्यक्रमातला सल्ला किती शेतकऱ्यांनी वापरला, मुलांचा कार्यक्रम किती शाळांत दाखवला गेला, वर्षभरात किती नव्या मराठी लेखकांचं काम पडद्यावर आलं.

२०२५ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने टीआरपीच्या नियमांत बदल करण्याचा मसुदा काढला. मोजणी करणाऱ्या आणखी संस्था याव्यात, इंटरनेटवरून टीव्हीवर पाहणाऱ्यांचीही गणती व्हावी, असा त्याचा रोख. तो योग्य आहे. त्या चर्चेत वाहिन्या बोलल्या, जाहिरातदार बोलले. मराठीच्या बाजूने कोणी बोलायचं, तर ते मराठी निर्मात्यांच्या आणि लेखकांच्या संघटनांनी, आणि महाराष्ट्राच्या सांस्कृतिक कार्य विभागाने. त्यांनी एक मागणी तरी धरून ठेवावी. दर वर्षी, प्रत्येक भाषेसाठी आणि प्रत्येक महसूल विभागासाठी, किती घरांनी टीव्हीची जोडणी सोडली, किती घरांनी त्या भाषेच्या वाहिन्या पाहणं बंद केलं, त्यांचं वय काय, ती आता काय पाहतात आणि कोणत्या भाषेत पाहतात, याचा अहवाल जाहीर झाला पाहिजे, आणि तो फुकट वाचायला मिळाला पाहिजे.